लाइव्ह पोकर टूर्नामेंटमध्ये आक्रमक कसं खेळायचं: पहिल्या लेव्हलपासून शेवटच्या दोघांच्या हेड्स-अपपर्यंत

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि पोकरची ॲप्स पटापट बंद झाली. मोबाइलवर पोकर शिकलेली मुंबई-पुण्याची बरीच मंडळी आता पणजीत मांडवीवरच्या कॅसिनो जहाजांवर टूर्नामेंटला बसताना दिसतात. त्यांचा अभ्यास चांगला असतो, हिशेब पक्का असतो. पण खऱ्या टेबलावर त्यांच्यातले काही पत्त्यांची वाट बघत आकसून बसतात, तर काही समोर कोण आहे हे न बघताच प्रत्येकावर सारखा हल्ला चढवतात. दोघांच्याही चिप्स जातात.

हा लेख नो-लिमिट होल्डेमचे नियम आणि हातांची क्रमवारी माहीत असलेल्यांसाठी आहे. चिप्स पुढे सरकवण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: हा माणूस पत्ते टाकेल का? उत्तर ‘हो’ असेल तर कमी दर्जाच्या पत्त्यांवरही जोर लावा. ‘नाही’ असेल तर चांगल्या पत्त्यांवर दुप्पट जोर लावा आणि वाईट पत्ते निमूट टाकून द्या.

वाट बघणं परवडत का नाही

लाइव्ह टेबलावर तासाला जेमतेम पंचवीस-तीस डाव होतात. ४० मिनिटांच्या लेव्हलमध्ये, म्हणजे ब्लाइंड वाढेपर्यंतच्या टप्प्यात, अठराएक डाव वाट्याला येतात. एक्क्यांची, राजांची किंवा राण्यांची जोडी, नाहीतर एक्का-राजा यांपैकी काहीतरी मिळण्याची शक्यता साधारण ३९ डावांत एकदा, म्हणजे दोन लेव्हलमध्ये जेमतेम एकदा. तेवढ्यात काय होतं ते पाहा. ब्लाइंड १,५००/३,००० आहेत, बिग ब्लाइंडवाल्याने सगळ्या टेबलातर्फे भरायचा अँटी ३,००० आहे आणि तुमच्याकडे ७५,००० म्हणजे २५ बिग ब्लाइंड आहेत. नऊ जणांच्या टेबलावर एका फेरीचा खर्च अडीच बिग ब्लाइंड. लेव्हलमध्ये दोन फेऱ्या झाल्या की १५,००० गेले. मग ब्लाइंड २,०००/४,००० झाले आणि उरलेले ६०,००० एकदम १५ बिग ब्लाइंडवर आले. तुम्ही एकही चूक केली नाही, तरी ४० मिनिटांत २५ चे १५ झाले.

ही गळती ब्लाइंड आणि अँटी चोरूनच, म्हणजे रेझ करून सगळ्यांना पत्ते टाकायला लावूनच भरून निघते. एका फेरीत एकदा जरी सगळ्यांनी पत्ते टाकले, तरी त्या फेरीचा खर्च वसूल.

पहिला तास: माणसं वाचा

सुरुवातीच्या लेव्हलमध्ये स्टॅक, म्हणजे प्रत्येकापुढच्या चिप्स, खोल असतात आणि ब्लाइंड क्षुल्लक. चोरून मोठं काही हाती लागत नाही. हा वेळ टेबलावरच्या आठ जणांना ओळखण्यासाठी वापरा. फोन खिशात, हेडफोन गळ्यात. जो डाव तुम्ही खेळत नाही, त्यातच शिकायला सगळ्यात जास्त मिळतं, कारण तेव्हा स्वतःच्या पत्त्यांची काळजी नसते.

गोव्याच्या टेबलांवर चार प्रकारचे खेळाडू हमखास भेटतात. पहिला, वर्षातून एखादी मोठी टूर्नामेंट खेळणारा. विमान, हॉटेल आणि एंट्री मिळून बराच खर्च करून आलेला असतो आणि लवकर बाद व्हायची त्याला धास्ती असते. दिवस दोनपर्यंत पोचायचंच, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. त्याच्यावर दबाव टाका, तो पत्ते टाकतो. दुसरा, तीन पत्तीत वाढलेला. दिवाळीच्या रात्री ‘शो’ मागायची सवय हाडात मुरलेली; मधली जोडी हातात असली तरी ‘बघू तरी’ म्हणत कॉल करणारच. त्याला ब्लफ करणं म्हणजे चिप्स देणगी देणं. तिसरा, ऑनलाइनवर तयार झालेला तरुण. तो पत्ते टाकूही शकतो आणि तुमच्यावर उलटूही शकतो. शक्यतो तो तुमच्या उजव्या हाताला असावा, म्हणजे तो खेळल्यावर निर्णय घ्यायची पाळी तुमची येते. जागा सोडतीने मिळते, त्यामुळे हे हाती नसतं. पण तो डावीकडे आला तर बटणाजवळची चोरी थोडी आवरती घ्यावी लागते.

चौथ्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. री-एंट्री, म्हणजे बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून बसायची सोय, खुली आहे तोवर बिनधास्त कॉल करणारा, खिशात आणखी दोन एंट्रीची तयारी ठेवून बसलेला. रजिस्ट्रेशन बंद झालं की हाच माणूस एकदम सावध होतो, कारण आता परतीचा रस्ता नसतो. म्हणून रजिस्ट्रेशन कुठल्या लेव्हलला संपतं हे घड्याळाच्या पडद्यावर बघून ठेवा. त्याआधी त्याच्याविरुद्ध फक्त चांगले पत्ते. त्यानंतरच्या ब्रेकपासून ब्लफला जागा.

आणखी एक सवय लावून घ्या. डीलर पत्ते वाटत असताना स्वतःचे पत्ते उचलू नका. पाळी येईपर्यंत डावीकडच्या दोघा-तिघांचे हात बघा. पत्ते टाकायचे ठरवलेला माणूस ते बोटांच्या चिमटीत तसेच धरून ठेवतो, मनगट मधल्या दिशेला वळलेलं असतं आणि नजर दुसरीकडे असते. आवडलेले पत्ते तो हळूच टेबलावर ठेवतो, त्यावर एखादी चिप ठेवतो, खुर्ची किंचित पुढे ओढतो. सगळेच असं करत नाहीत आणि काही जण मुद्दाम उलटं करतात. पण टेबलावर एक-दोन जण तरी असे असतातच, आणि ते तुमच्या डावीकडे असतील तर कट-ऑफवरून, म्हणजे बटणाच्या उजवीकडच्या जागेवरून केलेली चोरी बरीच निर्धोक होते.

ब्लाइंड चोरायचा हिशेब

ब्लाइंड ५००/१,०००, अँटी १,०००. डाव सुरू होतानाच मध्ये २,५०० पडलेले आहेत. तुम्ही बटणावरून २,२०० ला रेझ केलं तर २,५०० मिळवण्यासाठी २,२०० पणाला लावले. २,२०० भागिले ४,७००, म्हणजे दोन्ही ब्लाइंडनी मिळून ४७ टक्के वेळा पत्ते टाकले की तुमचे पत्ते कसेही असोत, तोटा नाही. वर कॉल झाल्यावरही फ्लॉपवर जिंकायची संधी शिल्लक राहते.

त्यामुळे बटणावरून आणि कट-ऑफवरून, पुढच्या सगळ्यांनी पत्ते टाकले असतील तर, भरपूर हात उघडा: कुठलाही एक्का, एकाच रंगाचे राजा-राणी, लागोपाठचे एकरंगी पत्ते, सगळ्या जोड्या. सुरुवातीच्या जागांवरून मात्र हात आवळा, कारण मागे सात-आठ जण बसलेले असतात आणि त्यांतल्या एकाकडे तरी काही असण्याची शक्यता मोठी असते. आकार २ ते २.३ बिग ब्लाइंडच्या आसपास ठेवा. चांगल्या पत्त्यांवर ३ पट आणि चोरी करताना २ पट असा फरक केलात, तर लक्ष देणाऱ्याला अर्ध्या तासात तुमचा खेळ कळतो.

लाइव्ह टेबलावर लिंप करणारे, म्हणजे नुसता बिग ब्लाइंड भरून आत येणारे फार. एकच लिंपर असेल आणि तुम्ही त्याच्यानंतर खेळणार असाल, तर साडेतीन-चार बिग ब्लाइंडला रेझ करून त्याला एकटं पाडा. प्रत्येक जादा लिंपरमागे एक बिग ब्लाइंड वाढवा. तीन-चार जण आत आले असतील तर ब्लफचा विचार सोडा. चारातला एक तरी कॉल करणारच.

थ्री-बेट: कोणावर आणि कशाने

कुणी रेझ केल्यावर त्यावर पुन्हा रेझ करायचं हत्यार धारदार आहे आणि महागही. वरच्याच उदाहरणात समोरच्याने २,२०० ला उघडलं, म्हणजे मध्ये ४,७०० झाले. तुम्ही ६,६०० ला थ्री-बेट केलंत, तर निव्वळ ब्लफ म्हणून ते ५८ टक्क्यांहून जास्त वेळा चालायला हवं. उशिराच्या जागेवरून, म्हणजे बटणाजवळून, ढिले हात उघडणारा, पण दबाव आला की मागे हटणारा माणूसच निवडा.

पत्तेही विचारपूर्वक निवडा. एक्का-पंजा एकाच रंगाचे असतील तर उत्तम. एक एक्का तुमच्याकडे असल्यामुळे समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार ६ वरून ३ वर येतात आणि एक्का-राजाचे १६ वरून १२ वर. कॉल झालाच तर फ्लश किंवा स्ट्रेट लागायची वाट मोकळी असते. राजा-दहा बेरंगी यापेक्षा मजबूत दिसतात, पण कॉल झाल्यावर बहुतेक वेळा मागेच असतात.

समोरच्याकडे १५-२० बिग ब्लाइंडच असतील तर छोटा थ्री-बेट ब्लफ करू नका. तो ऑल-इन होईल आणि तुम्हाला पत्ते टाकावे लागतील. स्वतःचा स्टॅक १५ ते २२ च्या दरम्यान असेल तर थेट ऑल-इन हाच थ्री-बेट.

फ्लॉपनंतर

समजा तुमच्या २,२०० च्या रेझवर बिग ब्लाइंडने कॉल केला. मध्ये ५,९०० आहेत. फ्लॉप आला राजा-सत्ती-दुरी, तिन्ही वेगळ्या रंगांचे. असा फ्लॉप रेझ करणाऱ्याच्या बाजूचा मानला जातो, कारण राजावाले पत्ते तुमच्याकडे जास्त असणार. इथे २,००० ची छोटी बेट पुरे. चारातल्या एका वेळी पत्ते पडले तरी हिशेब बसतो, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळा पडतात. याउलट फ्लॉप आठ-सात-सहा आणि त्यात दोन इस्पिक असतील, तर तो बिग ब्लाइंडच्या पत्त्यांना जास्त जुळतो. तिथे काहीच लागलं नसेल तर चेक करा. प्रत्येक फ्लॉपवर डोळे झाकून बेट लावणं ही सवय झाली. तिला आक्रमण म्हणता येत नाही.

दुसरी बेट टर्नवर लावायची की नाही, हे दोन गोष्टींवर ठरवा: आलेला पत्ता समोरच्याला घाबरवतो का, आणि कॉल झालाच तर रिव्हरवर सुधारायची संधी तुमच्याकडे आहे का. या बाबतीत २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमधला एक डाव मी नव्या खेळाडूंना नेहमी सांगतो. लास व्हेगासला ८३९ जणांतून उरलेले शेवटचे दोघे, ऑनलाइन सॅटेलाइटमधून (मोठ्या टूर्नामेंटची एंट्री जिंकून देणाऱ्या छोट्या टूर्नामेंटमधून) आलेला क्रिस मनीमेकर आणि मुरलेला व्यावसायिक सॅमी फरहा. फ्लॉप नव्वी-दुरी-छक्की, नव्वी आणि छक्की इस्पिकची. टर्नवर इस्पिकची अठ्ठी. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती. हातात तयार काहीच नाही, पण कुठलंही इस्पिक, पंजा किंवा दश्शी आली की फ्लश नाहीतर स्ट्रेट. न दिसलेल्या ४६ पत्त्यांपैकी असे १५. फरहाकडे वरची जोडी होती, नव्व्यांची. त्याने बेट केली, मनीमेकरने रेझ केलं, फरहाने कॉल केला. रिव्हरला बदामाची तिर्री आली, म्हणजे मनीमेकरचा एकही पत्ता लागला नाही. फरहाने चेक केलं आणि मनीमेकर ऑल-इन गेला. फरहाने बराच विचार करून पुढे असलेला हात टाकला.

लोकांना या डावातली ती शेवटची धडक आठवते. खरी कमाई टर्नवरच्या रेझमध्ये आहे. तिथे मनीमेकरकडे पत्ते सुधारण्याची जवळपास एक-तृतीयांश संधी होती, आणि रेझमुळे तयार फ्लशची गोष्ट उभी राहिली. रिव्हरची ऑल-इन त्या गोष्टीचा पुढचा भाग म्हणून पटली. टर्नवर नुसता कॉल करून रिव्हरला अचानक ऑल-इन गेला असता, तर फरहासारख्याला ते पटलं असतं असं मला वाटत नाही. समोर चांगले पत्तेही टाकू शकणारा खेळाडू होता, हा भाग तर सगळ्यात महत्त्वाचा.

‘बघू तरी’वाल्यासमोर आक्रमण वेगळं दिसतं. तुमच्याकडे एक्का-राणी आणि फ्लॉपवर राणी वरची असेल, तर फ्लॉप, टर्न आणि रिव्हर तिन्ही वेळा बेट लावा, आणि आकार पॉटच्या पाऊण ते पूर्ण ठेवा. तो २,००० ला कॉल करणार असेल तर बहुतेक वेळा ५,००० लाही करतो. इथे छोटी बेट लावून ‘आत राहू दे’ म्हणणारे खेळाडू स्वतःचंच नुकसान करून घेतात.

चिप्स पुढे करण्याची शिस्त

ऑनलाइनवाल्यांचं इथे नाहक नुकसान होतं. आधी तोंडाने सांगा, मग चिप्स सरकवा. पाळी आल्यावर ‘रेझ, सहा हजार सहाशे’ म्हटलं की ते बंधनकारक झालं आणि वाद संपला. न बोलता एकच मोठी चिप टाकलीत तर तो कॉल धरला जातो, मनात रेझ असला तरी. एकदा चिप्स ठेवून, हात मागे नेऊन पुन्हा आणखी आणल्या तर ती स्ट्रिंग बेट होते आणि जादाच्या चिप्स परत दिल्या जातात. २००१ मध्ये स्थापन झालेल्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांवर जगभरातल्या बहुतेक रूम चालतात. खेळायला जाण्याआधी ते एकदा वाचून काढा.

मोठ्या चिप्स स्टॅकच्या पुढे, सगळ्यांना दिसतील अशा ठेवा. समोरच्याच्या मोठ्या चिप्स मागे दडल्या असतील तर ब्लफच्या आधी डीलरकडून मोजणी मागा. १२ बिग ब्लाइंड समजून ज्याच्यावर चढाई केलीत त्याच्याकडे ३० निघाले तर सगळा हिशेब बदलतो. प्रत्येक बेट एकाच लयीत लावा: तीन-चार सेकंद थांबा, आकडा बोला, चिप्स ठेवा, नजर टेबलाच्या मध्यावर. चांगल्या पत्त्यांवर झटकन आणि ब्लफवर रेंगाळून बेट लावणारा माणूस तासाभरात उघडा पडतो.

दहा बिग ब्लाइंडवर

स्टॅक दहाच्या आसपास आला की आक्रमण एकाच चालीत उरतं, ऑल-इन. बटणावर तुमच्याकडे एकाच रंगाचे राजा-नव्वी आहेत. १० बिग ब्लाइंड लावून मधले अडीच मिळवायचे. फक्त पत्ते पडण्यावर अवलंबून राहिलात तर ८० टक्के वेळा पडायला हवेत. पण कॉल झाल्यावरही हे पत्ते सुमारे ३८ टक्के वेळा जिंकतात असं धरलं, तर गरज ४२ टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणूनच कॉल करण्यापेक्षा ऑल-इन लावणारा फायद्यात राहतो. त्याला जिंकायचे दोन रस्ते असतात, कॉल करणाऱ्याला एकच. मात्र पाच बिग ब्लाइंडवर पोचेपर्यंत थांबू नका. तेव्हा कुणीही पत्ते टाकत नाही आणि पहिला रस्ता बंद होतो.

बबल: खरी कमाई इथे

साधारण १०-१५ टक्के खेळाडूंनाच बक्षीस मिळतं. त्या रेषेच्या जरा आधी, म्हणजे बबलवर, सगळी खोली गोठते. असंच पहिल्या दिवसाच्या शेवटच्या लेव्हलमध्ये होतं. चिप्स पिशवीत भरून उद्या यायचंय म्हणून लोक चांगले हातही सोडतात.

इथे चिप्सची किंमत आणि पैशांची किंमत वेगळी होते. तिघे उरलेत, तिघांचे स्टॅक समान, बक्षिसं ५, ३ आणि २ लाख. प्रत्येकाच्या जागेची किंमत सध्या ३.३३ लाख. दोघे ऑल-इन भिडले तर जिंकणाऱ्याकडे दोन-तृतीयांश चिप्स येतात आणि त्याच्या जागेची किंमत ४.३३ लाख होते; हरणारा २ लाख घेऊन जातो. कमवायला १ लाख, गमवायला १.३३ लाख. कॉल करणाऱ्याला ५७ टक्के जिंकायची खात्री हवी. म्हणजे साध्या ५०-५० च्या डावात कॉल करणं तोट्याचं. ऑल-इन लावणाऱ्याला हे माहीत असेल तर तो दुसऱ्याला हा अवघड निर्णय घ्यायला लावतो आणि स्वतः मधल्या चिप्स उचलतो.

बबलवर लक्ष्य कोण? मध्यम स्टॅकवाले, ज्यांच्यापेक्षा तुमच्याकडे जास्त चिप्स आहेत. त्यांना बाद होण्याची सगळ्यात जास्त भीती असते, कारण त्यांच्याआधी बाद होऊ शकणारे दोघे-तिघे अजून टेबलावर आहेत. अगदी छोट्या स्टॅकवाल्याला ब्लफ करू नका, त्याच्याकडे वाट बघायला काही उरलेलं नसतं. तुमच्याहून मोठ्या स्टॅकच्या वाटेलाही जाऊ नका. तो तुम्हाला बाद करू शकतो, तुम्ही त्याला नाही. आणि तीन पत्तीवाल्याला बबल कशाशी खातात हे माहीत नसतं. तो इथेही कॉल करेल, आणि तुमचे दोघांचेही पैसे तिसऱ्याच्या खिशात जातील.

कुठे थांबायचं

सलग चार-पाच चोऱ्या पचल्या की टेबल तुमच्याकडे बघू लागतं. ब्लफ उघडा पडला तर पुढची अर्धी फेरी चोरी बंद ठेवून फक्त मजबूत पत्ते खेळा. तेव्हा तुमच्या चांगल्या पत्त्यांना कॉल मिळतो. टेबल बदललं तर जुनी प्रतिमा संपली; नव्या जागी पुन्हा माणसं वाचायला घ्या. रात्री उशिरा थकवा आल्यावर ‘हा माणूस पत्ते टाकेल का?’ हे न विचारताच चिप्स पुढे जायला लागतात. हे लक्षात आलं की एक फेरी उठून पाय मोकळे करून या, त्यात अडीच बिग ब्लाइंड गेले तरी चालतील.

पैशांचंही स्पष्ट बोललं पाहिजे. चांगला खेळाडूही बहुतेक टूर्नामेंटमधून रिकाम्या हाताने परततो. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकण्यावर ३० टक्के आयकर लागतो आणि हरलेल्या रकमेची वजावट मिळत नाही. एंट्री, प्रवास आणि राहणं धरून जी रक्कम पूर्ण गेली तरी घरच्या हप्त्यांना धक्का लागणार नाही, तेवढीच घेऊन निघा आणि री-एंट्रीची मर्यादा घरूनच ठरवा. ज्याला एंट्रीची रक्कम मनातून सोडता येत नाही, तो बबलवर आक्रमण करूच शकत नाही. तो स्वतःच लक्ष्य होतो.

फायनल टेबलवर बबलचाच हिशेब प्रत्येक जागेला पुन्हा लागू होतो, कारण एक जण बाद झाला की उरलेल्या सगळ्यांचं बक्षीस वाढतं. शेवटचे दोघे उरले की तो हिशेब संपतो. दुसऱ्या क्रमांकाचे पैसे दोघांचेही पक्के झालेले असतात, आणि उरलेल्या फरकासाठी चिप्सची किंमत सरळ चिप्सइतकीच होते. आता ५०-५० चा डाव टाळायचं कारण नाही. बटणावरचाच स्मॉल ब्लाइंड असतो, फ्लॉपआधी तो पहिला बोलतो आणि फ्लॉपनंतर शेवटी. त्या जागेवरून दहापैकी सात-आठ हात उघडा. समोरचा पत्ते टाकत राहिला तर त्याच आकाराने उघडत राहा, आणि तो कॉल करायला लागला की आकार वाढवून फक्त चांगले पत्ते पुढे करा.